सहकारी बँकेच्या शाखांसाठी ऑनलाइन कोर्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागरी सहकारी बँकेत ट्रेनिंगची जबाबदारी बहुतेक वेळा मुख्य कार्यालयातल्या एखाद-दोघांवर असते आणि शाखा मात्र जिल्हाभर पसरलेल्या. हे पान त्या एखाद-दोघांसाठी आहे. उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे: कॅश काउंटरवर बनावट नोट आली तर काय करायचं, याचा कोर्स. केवायसी असो, लॉकर असो की सायबर फसवणूक, पद्धत फारशी बदलत नाही.

दीड तासाची पीपीटी तयार आहे. तीच आवाज देऊन रेकॉर्ड केली तर चालणार नाही का?

रेकॉर्ड होईल, पण ऐकणार कोणी नाही. वर्गात ती पीपीटी चालून जाते, कारण समोर बोलणारा माणूस असतो, शेजारी ओळखीचं कोणीतरी असतं आणि मधे चहा येतो. यातलं काहीच रेकॉर्डिंगमध्ये येत नाही. दुसरी अडचण क्रमाची. पीपीटी परिपत्रकाच्या क्रमाने लिहिलेली असते: व्याख्या, तरतुदी, अपवाद, नमुने. काउंटरवर गोष्टी त्या क्रमाने घडत नाहीत. तिथे नोटा मोजणारं यंत्र थांबतं, समोर ग्राहक उभा असतो आणि मागे सात जणांची रांग असते.

पीपीटी फेकून देऊ नका. तिची दोन पानी पीडीएफ करून कोर्सला जोडा. शोधून वाचायला ती चांगली आहे.

मग सुरुवात कुठून करायची?

कोर्स झाल्यावर कोण, कुठे, काय वेगळं करणार, हे एका वाक्यात लिहा. वाक्यात डोळ्यांना दिसेल असं क्रियापद हवं. ‘बनावट नोटांबाबत जागरूकता’ कोणाला दिसत नाही. ‘संशयित नोट परत न देता ग्राहकासमोर तिच्यावर ‘बनावट नोट’ असा शिक्का मारतो आणि पावती देतो’ हे शाखेत उभं राहून पाहता येतं.

मग चुका गोळा करा. अंतर्गत तपासणीचे आणि कंकरंट ऑडिटचे (व्यवहारांसोबतच चालणाऱ्या लेखापरीक्षणाचे) शेरे काढा. शाखांकडून मुख्य कार्यालयाला कोणत्या शंकेचे फोन येतात ते विचारा. दोन-तीन जुन्या कॅशियरशी अर्धा अर्धा तास बोला, पण ‘काय शिकवायला हवं?’ असं विचारू नका. उत्तरादाखल परिपत्रकच ऐकायला मिळेल. ‘नवीन माणूस इथे नेमका कुठे फसतो?’ असं विचारा.

प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा: माहिती नाही, सराव नाही, की सोय नाही? शाखेत शिक्काच नसेल तर कोर्सचा काही उपयोग नाही, शिक्का पाठवा. ही चाळणी लावली की ‘कोर्स हवा’ म्हणून आलेल्या मागण्यांपैकी बऱ्याच कोर्सशिवाय मिटतात.

प्रसंगावर आधारित प्रश्न कसा लिहायचा? एखादं उदाहरण द्याल का?

हा कोर्सचा कणा आहे, म्हणून जरा सविस्तर.

*रोजच्या ओळखीतले किराणा दुकानदार भरणा करायला आले आहेत. ५०० च्या शंभर नोटा. यंत्र सदतिसाव्या नोटेला थांबतं. तुम्ही नोट हातात घेऊन पाहता. ती बनावट आहे याबद्दल शंका उरत नाही. काका म्हणतात, “ताई, ती मला परत द्या. कुणाकडून आली ते मला पक्कं माहीत आहे, त्याच्या तोंडावर मारतो.” रांगेतून आवाज येतो, “अहो, आटपा की लवकर!”*

*अ) नोट परत देऊन दुसरी मागून घ्याल.*
*ब) नोट जप्त करून काकांसमोर शिक्का माराल, पावती द्याल आणि उरलेल्या ९९ नोटा जमा कराल.*
*क) भरणा थांबवून मॅनेजरना पोलिसांना फोन करायला सांगाल.*

तिन्ही पर्याय शहाण्या माणसाला पटण्यासारखे आहेत. ‘नोट खिशात टाकाल’ असा पर्याय कोणीच निवडणार नाही, मग तो लिहायचाच कशाला? ‘अ’मध्ये ओळखीचा दबाव आहे आणि ‘क’मध्ये अतिसावधपणा. खऱ्या चुका याच दोन वाटांनी होतात.

उत्तर निवडल्यावर नुसतं ‘चूक’ दाखवू नका, पुढे काय झालं ते दाखवा. ‘अ’ निवडलं तर: काका खूश होऊन गेले, नोट पुन्हा बाजारात गेली. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बनावट नोट जप्त न करणं म्हणजे ती चलनात फिरवण्यात बँकेचा जाणूनबुजून सहभाग धरला जातो. ‘क’ निवडलं तर: एका व्यवहारात चारपर्यंत नोटा असतील तर त्या महिनाअखेरीस एकत्रित अहवालासोबत पोलिसांकडे जातात, पाच किंवा जास्त असतील तर मात्र लगेच एफआयआर. एका नोटेसाठी काकांना बसवून ठेवायचं कारण नव्हतं.

‘ब’ निवडणाऱ्यालाही तिथेच सोडू नका. पुढचा पडदा: *काका म्हणतात, “पावतीवर मी सही करणार नाही.”* सही नाकारली तरी पावती द्यायचीच असते, आणि हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. तिसऱ्या पडद्यावर त्याच भरण्यात सहा नोटा दाखवा. एका प्रसंगाला दोन किंवा तीन वळणं पुरेत. त्यापुढे फांद्या इतक्या वाढतात की तपासणाराच हरवतो.

खऱ्या ग्राहकाचं नाव, खाते क्रमांक किंवा शाखेतलं सीसीटीव्ही फुटेज वापरू नका.

नोट ओळखणं हे हाताचं काम आहे. ते ऑनलाइन कसं शिकवणार?

पडद्यावर शिकवायचंच नाही. पडद्यावर काम सांगायचं, करायचं काउंटरवर. उदाहरणार्थ: गांधी नवीन मालिकेतली ५०० ची नोट घ्या. ती तिरकी करा. सुरक्षा धागा हिरव्याचा निळा होतो का पाहा. आता डोळे मिटा आणि नोटेच्या कडेच्या पाच तिरक्या उठावदार रेघा अंगठ्याने मोजा. मग हेच १०० च्या नोटेवर करा. तिथे रेघा किती? (चार.) शेजारच्या सहकाऱ्यालाही करायला लावा आणि दोघांची उत्तरं लिहून पाठवा.

दहा मिनिटांचं काम आहे, सामान गल्ल्यातच असतं. नोटेचे मोठे मोठे फोटो टाकून हे साधत नाही, बोटांना काहीच कळत नाही.

व्हिडिओ किती मिनिटांचा असावा?

सहाच्या आत. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या चार कोर्सच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असला तरी प्रेक्षक साधारणपणे सहा मिनिटांपलीकडे टिकत नाही, असं त्यात दिसलं. ते स्वेच्छेने शिकणारे लोक होते, हेही लक्षात घ्या. आपल्याकडे परिपत्रक काढून बसवलेले असतात.

मराठीत समजेल अशा गतीने बोललं तर मिनिटाला शंभर ते एकशेवीस शब्द होतात. म्हणजे पाच मिनिटांची संहिता पाचशे-सहाशे शब्दांची. हजार शब्द झाले असतील तर दोन व्हिडिओ करा. भरभर वाचून तोच वेळ गाठू नका.

पडद्यावर पूर्ण वाक्यं लिहून तीच वाचून दाखवणं टाळा. डोळे पुढे पळतात, कान मागे राहतात आणि धड काहीच पोचत नाही. पडद्यावर चित्र किंवा तीन-चार शब्द, बाकी आवाजात. सबटायटल मात्र चालू-बंद करता येतील अशी द्याच. ऐकायला कमी येणाऱ्यांना ती लागतात, आणि शाखेत स्पीकर लावता येत नाही तेव्हा इतरांनाही.

ग्रामीण शाखांत व्हिडिओ अडकतो. काय करता येईल?

फाइलचा आकार बिटरेटवर, म्हणजे सेकंदाला किती डेटा वापरला जातो त्यावर ठरतो. सेकंदाला एक मेगाबिट म्हणजे मिनिटाला साडेसात एमबी, सहा मिनिटांचे ४५ एमबी. बोलणारा चेहरा आणि स्थिर स्लाइड एवढंच असेल तर निम्म्या बिटरेटवर, ४८० पी मध्ये, २२-२३ एमबीत काम भागतं. आवाज मात्र दाबू नका. चित्र धूसर झालेलं लोक चालवून घेतात, घोगरा आवाज कोणी ऐकत नाही. रेकॉर्डिंग कॅमेऱ्याच्या माइकवर न करता कॉलरच्या माइकवर करा, पंखा बंद करून.

मराठी अक्षरं मोडतात, वेलांट्या उड्या मारतात.

बहुधा तीन कारणं असतात. पहिलं, जुनी परिपत्रकं श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फाँटात टाइप केलेली असतात. ती थेट कॉपी केली तर रोमन अक्षरांचा कचरा येतो. कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) आणा आणि मग माणसाकडून वाचून घ्या. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होणं हा कन्व्हर्टरचा ठरलेला घोळ. ‘ऱ्या’ शोधून शोधून दुरुस्त करावा लागतो.

दुसरं, व्हिडिओ किंवा चित्राचं सॉफ्टवेअर जोडाक्षरं जुळवत नाही आणि ‘ि’ अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसते. अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडला की हे थांबतं. तिसरं, फाँट तुमच्या संगणकावर आहे, शाखेतल्या नाही. नोटो सान्स देवनागरी मोफत आहे. तो कोर्सच्या फाइलीतच जोडा.

आणि हजेरीची सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडू नका, मराठी नावांचा चुराडा होतो. ‘डेटा’ टॅबमधून मजकूर आयात करा आणि यूटीएफ-८ निवडा.

एलएमएस, म्हणजे कोर्स चालवून नोंदी ठेवणारी ऑनलाइन प्रणाली, विकत घ्यावी लागते का?

नाही. मूडल ही एलएमएस मोफत आहे. खर्च येतो तो सर्व्हरचा आणि ते सांभाळणाऱ्या माणसाचा. ५०-६० कर्मचाऱ्यांच्या बँकेत एक फॉर्म, एक सामायिक फोल्डर आणि नीट चालवलेला व्हॉट्सॲप ग्रुप एवढ्यावरही पहिली बॅच होते. आधी ती करा. कशाची नोंद ठेवायची हे कळल्याशिवाय एलएमएस घेतली तर विक्रेता दाखवेल ते डॅशबोर्ड तुमचं उद्दिष्ट बनतं.

बाहेरून कोर्स बनवून घेत असाल तर तो स्कॉर्म पॅकेजमध्ये, म्हणजे कोणत्याही एलएमएसमध्ये चढवता येईल अशा ठरलेल्या रचनेच्या झिप फाइलमध्ये येईल. त्यात नेहमी अडणाऱ्या जागा या. ‘आयएमएसमॅनिफेस्ट’ ही एक्सएमएल फाइल झिपच्या सगळ्यात वरच्या पातळीवर हवी. फोल्डरमधल्या फाइलींऐवजी अख्खा फोल्डर झिप केला की ती एक पातळी खाली जाते आणि एलएमएस पॅकेज नाकारते. स्कॉर्म १.२ मध्ये ‘पूर्ण’ आणि ‘उत्तीर्ण’ यांची नोंद एकाच खान्यात होते, त्यामुळे नापास झालेला माणूस ‘पूर्ण’ दिसू नये यासाठी नेमकं काय पाठवायचं ते आधीच ठरवा. आणि त्याच आवृत्तीत ‘कुठवर पोचलो’ ही माहिती साठवायला ४,०९६ अक्षरांचीच जागा असते. लांबलचक कोर्समध्ये ती भरते, आणि माणूस दुसऱ्या दिवशी आला की पुन्हा पहिल्या पडद्यावर. शाखेतून ‘कोर्स माझं काम विसरतो’ अशी तक्रार आली तर आधी इथे पाहा.

क्विझ शेवटी ठेवायची की मधे?

आधी, मधे आणि नंतरही. आठवून सांगण्यानेच लक्षात राहतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्याने ४२ टक्के आठवलं, तर एकदा वाचून मग आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. गंमत म्हणजे पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारेच पुढे होते. कोर्स संपल्या संपल्या घेतलेल्या परीक्षेचे गुण इतके छान का दिसतात, ते यावरून कळेल.

प्रश्न लिहिताना दोन सवयी सोडा. सर्वांत लांब पर्याय बरोबर असणं ही पहिली. न वाचता उत्तर देणाऱ्याला ती लगेच सापडते. ‘वरीलपैकी सर्व’ ही दुसरी.

थेट ऑनलाइन सत्र कधी आणि किती वेळ?

कॅश जुळेपर्यंत कॅशियर उठत नाही, म्हणून चारची वेळ कागदावरच राहते. सव्वापाच ते सहा ठेवा. महिन्याचा पहिला आठवडा पेन्शन-पगाराच्या गर्दीचा, तो टाळा. मार्चचा तर विचारही नको. दुसरा-चौथा शनिवार सुट्टीचा असतो. त्या दिवशी सत्र ठेवलं की लोक येतात, पण मनात राग धरून.

एका बॅचमध्ये वीस ते चोवीस जण, आणि सुलभक दोन: एक बोलणारा, एक चॅट आणि तांत्रिक अडचणी बघणारा. एकट्याने दोन्ही करू गेल्यास दोन्ही बिघडतं. ४५ मिनिटांची वाटणी साधारण अशी. पहिली पाच मिनिटं लोक आत येत असतानाच पडद्यावर एक प्रश्न, उत्तर चॅटमध्ये. मग सात मिनिटं आठवड्यातल्या प्रसंगाचे निकाल: ‘नऊ जणांनी अ निवडलं. का निवडलं असेल?’ पुढची अठरा मिनिटं गटकामाला, दहा त्यावरच्या चर्चेला. शेवटच्या पाच मिनिटांत प्रत्येकजण उद्या आपल्या काउंटरवर करायची एक गोष्ट लिहितो. व्याख्यानाला यात जागा ठेवलेली नाही. व्याख्यान व्हिडिओत होऊन गेलेलं असतं.

कोणी बोलतच नाही. कॅमेरे बंद, आवाज बंद.

‘काही शंका?’ या प्रश्नाला मराठी माणूस ‘नाही सर’ असंच म्हणतो. त्याऐवजी विचारा: ‘यंत्र थांबलं. ग्राहकाला उद्देशून तुमचं पहिलं वाक्य काय असेल? चॅटमध्ये टाइप करा, पण मी सांगेपर्यंत एंटर दाबू नका.’ सगळी उत्तरं एकदम येतात, कोणी कोणाचं पाहून लिहीत नाही. मग दोन वेगळी उत्तरं निवडून त्या दोघांना नावाने बोलतं करा. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. शांतता तुम्हाला खुपते तेवढी समोरच्यांना खुपत नाही. ते विचार करत असतात.

ब्रँच मॅनेजर त्याच सत्रात असतील तर क्लार्क गप्प बसतात. मॅनेजरांची बॅच वेगळी करा. कॅमेऱ्याची सक्ती नको, बरेच जण स्वतःच्या मोबाइल डेटावर असतात. एकाच शाखेतले दोघे एका खोलीत दोन फोनवर असतील तर आवाज घुमतो. एकाला म्यूट करा आणि दोघांची हजेरी चॅटमध्ये नावानिशी घ्या.

ब्रेकआउट रूममध्ये (सत्रातल्या छोट्या गटांच्या वेगळ्या ऑनलाइन खोल्यांत) वेळ फुकट जातो.

कारण आत गेल्यावर काय करायचं तेच आठवत नाही, आणि सुरुवात कोणी करायची ते ठरत नाही. मुख्य खोलीतली स्लाइड आत दिसेलच असं नाही, म्हणून खोल्या उघडण्याआधी काम लिहून द्या, ग्रुपवर टाकलेलं उत्तम. चौघांचा गट, एका फेरीत एकच प्रसंग, आठ मिनिटं, परत आणायचं ते एक वाक्य. ‘ज्याची शाखा मुख्य कार्यालयापासून सर्वांत लांब तो वाचून दाखवेल’ असं सांगितलं की तुम्ही आधी, तुम्ही आधी मिटतं. दोन मिनिटं उरली की सगळ्या खोल्यांत संदेश पाठवा. उशिरा येणाऱ्यांसाठी एक सुलभक मुख्य खोलीतच थांबू द्या.

लोक शेवटच्या दिवशी नुसतं ‘नेक्स्ट’ दाबत कोर्स संपवतात. एकजण चौघांचा लॉगिन वापरतो.

‘पुढे’चं बटण काही सेकंद बंद ठेवण्याचा उपाय बहुतेकांना आधी सुचतो. करू नका, लोक तेवढ्या वेळात चहा घेऊन येतात. शेवटची एकच तारीख दिली की सगळं त्या तारखेला येतं. तीन आठवड्यांचा कोर्स असेल तर दर बुधवारी एक छोटं काम, आणि त्या कामाशिवाय सत्रातली चर्चा कळणार नाही अशी जोडणी.

दुसऱ्याच्या नावाने परीक्षा देणं बहुधा आळसातून येत नाही. सहा जणांच्या शाखेत वेळच नसतो, मग जो मोकळा तो ‘सगळ्यांचं करून टाकतो’. वरिष्ठांकडून आठवड्याला अर्ध्या तासाची लेखी परवानगी आणा, काउंटरवर पर्यायी माणूस कोण तेही त्यात लिहा. वर पाहिलं तसं नोटेवरच्या रेघा मोजण्याचं काम दिलंत तर ते दुसऱ्याच्या नावाने करणं नुसतं क्लिक करण्याइतकं सोपं राहत नाही.

निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरलेले कर्मचारी लॉगिनलाच अडतात.

पहिलं सत्र विषयाचं ठेवूच नका. वीस मिनिटं फक्त आत येणं, माइक चालू-बंद करणं, चॅटमध्ये आपल्या शाखेचं नाव लिहिणं. पासवर्ड मोबाइल ओटीपीने देता आला तर निम्मे फोन वाचतात. आणि नोट ओळखण्यात हेच लोक पटाईत असतात. गटात त्यांना प्रसंगावर मत देण्याचं काम द्या, टायपिंग तरुण सहकारी करील.

कोर्स झाला, दोन महिन्यांत सगळे विसरले. पुन्हा कोर्स घ्यायचा का?

नको. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून विसरण्याचा जो आलेख काढला, त्यात सर्वांत मोठी घसरण पहिल्या दिवसातच आहे. म्हणून कोर्सनंतर दुसऱ्या, सातव्या आणि तिसाव्या दिवशी व्हॉट्सॲपवर एकेक प्रसंग पाठवा. वाचून उत्तर द्यायला मिनिटभर लागावं, जास्त नाही. उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी, शाखा उघडण्याआधी. ग्रुपवर ‘सुप्रभात’चा पूर येत असेल तर फक्त ॲडमिन लिहील असं सेटिंग करा आणि उत्तरं फॉर्मवर घ्या.

उपयोग झाला हे संचालक मंडळाला कसं दाखवायचं?

प्रशिक्षणाचा उपयोग मोजण्यासाठी कर्कपॅट्रिक या अमेरिकी अभ्यासकाने १९५९ साली मांडलेल्या चार पायऱ्या अजूनही कामाला येतात: आवडलं का, शिकले का, वागणूक बदलली का, कामात फरक पडला का. आपल्याकडे पहिल्या पायरीचा फीडबॅक फॉर्म भरून घेतात आणि तिथेच थांबतात. तिसऱ्या पायरीसाठी ब्रँच मॅनेजरला पाच ओळींची यादी द्या: शिक्का जागेवर आहे का, नोंदवही अद्ययावत आहे का, पावतीपुस्तक काउंटरवर आहे का, कॅशियर विचारल्यावर चार आणि पाच नोटांतला फरक सांगतो का, नवीन माणसाला कोणी दाखवलं का. कोर्सआधी एकदा आणि दीड महिन्याने पुन्हा. चौथ्या पायरीसाठी ऑडिटचे त्या विषयावरचे शेरे मोजा. एक इशारा: कोर्सनंतर नोंदवल्या गेलेल्या बनावट नोटा *वाढल्या* तर मंडळ घाबरेल. आधी त्या परत दिल्या जात होत्या, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

नियम बदलला तर सगळा कोर्स पुन्हा करायचा?

आकडे आणि मुदती व्हिडिओच्या आवाजात बोलू नका, त्या मजकुराच्या वेगळ्या पडद्यावर ठेवा. म्हणजे बदल दहा मिनिटांत होतो, पुन्हा रेकॉर्डिंग लागत नाही. कोणता नियम कोणत्या पडद्यावर, प्रश्नात आणि पीडीएफमध्ये आला आहे याचा एक तक्ता करा. प्रश्नपेढीतला जुना आकडा हमखास राहून जातो. पहिल्या पडद्यावर ‘शेवटची तपासणी’ची तारीख आणि तपासणाऱ्या विभागाचं नाव टाका. आणि पीडीएफची फाइल ग्रुपवर कधीच पाठवू नका, लिंक पाठवा. पाठवलेली फाइल फोनाफोनांतून वर्षानुवर्षं फिरत राहते आणि ऐन वेळी काउंटरवर तीच उघडली जाते.